इंदूआत्याच्या सतरा पायऱ्या

आमचं घर महाळुंग्याच्या शिवेवर, एका टेकाडाच्या काठावर होतं. मागच्या दारातून चार पावलं टाकली की सपाट जमीन संपायची आणि तांबूस मुरमाचा उतार दीड पुरुष खाली जायचा. त्या उताराच्या पायथ्याशी जी जमीन होती तिला घरात सगळे 'खालचा तुकडा' म्हणत. पाच-सहा गुंठ्यांची जागा, पण तिला बारमाही ओल. तिथं अळू माजायचा, तोंडलीचा मांडव होता, घेवडा कुंपणावर चढलेला असायचा, गवती चहाचं बेट होतं आणि एका कडेला शेवंतीचे चार वाफे. पलीकडच्या कंपनीतलं मोठं प्रेस मशिन दिवसभर धाप्पकन खाली यायचं आणि त्याचा हादरा जमिनीतून आमच्या तळपायांपर्यंत पोचायचा. पाहुणे दचकायचे. आम्हाला तो रविवारी थांबला की उलट चुकल्यासारखं वाटायचं. आजही माझ्या कानांना पूर्ण शांतता सोसत नाही. मुलाच्या हिंजवडीच्या दहाव्या मजल्यावरच्या घरी राहायला गेले की मी पंखा मोठा करून झोपते.

खालच्या तुकड्यात जे काही उगवायचं ते इंदूआत्यानं लावलेलं असायचं. इंदूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी तापात तिचा डावा पाय बारीक राहिला होता. तरी तिचं लग्न झालं, आळंदीच्या अलीकडच्या एका गावात दिलं, आणि तीन वर्षांत नवऱ्यानं दुसरी बायको आणली. आत्या तिथं भांडत बसली नाही. एक पत्र्याची पेटी घेऊन एसटीनं परत आली आणि दारात उभी राहून माझ्या आईला म्हणाली, "वहिनी, मी आलेय. पाहुणी म्हणून न्हाई." आईनं तिच्या हातातली पेटी घेतली आणि चुलीवर जास्तीचा तवा ठेवला. हे मी आईकडून ऐकलंय, कारण तेव्हा मी पाळण्यात होते. मला कळायला लागल्यापासून आत्या घरातच होती. मासवड्या तिच्याच हातच्या. बेसनाचं पीठ ओल्या फडक्यावर थापून, मधे तीळ-खोबऱ्याचं सारण भरून ती अशी गुंडाळी करायची की कापल्यावर एकही वडी फुटायची नाही. रस्सा इतका जाळ, की जेवताना आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, टकलावर घाम जमायचा आणि ते हसत हसत डोळे पुसायचे.

आप्पा भोसरीच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. अबोल माणूस. घरातला शब्द त्यांच्या थोरल्या भावाचा, तात्यांचा. तात्या शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरात राहायचे. कंपन्या आल्या तशी त्यांनी रस्त्याच्या बाजूला आठ खोल्यांची रांग बांधली होती आणि बाहेरगावाहून कामाला आलेल्यांना त्या भाड्यानं दिल्या होत्या. तात्या वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. आप्पांना कंपनीत त्यांनीच चिकटवलं होतं. पण त्यांना रिकामी जमीन बघवत नसे. जिथं भिंत नाही ती जागा वाया गेली, असा त्यांचा हिशोब होता.

मी दहावीच्या सुट्टीत असताना आत्या उतारावरून घसरली. त्या उताराला वाट अशी नव्हतीच. आमच्या पायांनी पडलेली एक खोबण होती. आम्ही पोरं बुड टेकून सरकत उतरायचो. आत्या काठी रोवत, वाकून, एक हात जमिनीला लावत जायची. त्या दिवशी घमेलं हातात होतं. ती खाली तोंडलीच्या मांडवापर्यंत गडगडत गेली, मनगट मुरगळलं, गुडघा सोलला. तिला वर आणून ओसरीवर बसवलं आणि आई हळद लावत होती तेवढ्यात तात्या आले. पाहून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बरंच झालं, हाडं वाचली. आता उतरू नगंस खाली. तसंबी तिथं बारा खोल्या बसत्यात, मी माणूस बोलावून मापं घेतली हायती."

"माझ्या शेवंतीत खोल्या?" आत्या म्हणाली.

"इंदे, जिथं तुला जाता येत न्हाई ती जागा घेऊन तू काय करणार?"

आप्पा चपलांकडे बघत राहिले. आई पदर सावरून आत गेली. तात्यांशी ती कधीच थेट बोलत नसे, अठरा वर्षांत एकदाही बोलली नव्हती. मला मात्र ते वाक्य असं काही झोंबलं की रात्रीचं जेवण गेलं नाही. सकाळी उठले तर आत्या मागच्या दारी उभी राहून उताराकडे बघत होती.

"शैले," ती म्हणाली, "जाता येत न्हाई म्हणून जागा जाती ना? मग जाता यायला पायजे. पायऱ्या बांधू."

"कोण बांधणार?"

"दोघी हायेत की इथं."

लाकडाची अडचण नव्हती. आप्पांच्या कंपनीत मोठमोठी मशिनं लाकडी खोक्यांतून यायची आणि ती खोकी फोडून कामगारांना जळणासाठी न्यायला मिळायची. आमच्या मागच्या पडवीत त्या लाकडाचा ढीग असायचा. त्यावर परक्या लिपीतले काळे शिक्के असायचे आणि जाळलं की अनोळखी, गोडसर वास यायचा. खोक्याच्या तळाला घालतात ते चौकोनी ओंडके चांगले मांडीएवढे जाड होते. आम्ही त्यातले चार ओढत नेले, वरच्या काठापासून सुरुवात करून उतारावर आडवे ठेवले, मागे माती भरली आणि वर पडक्या गोठ्याच्या विटा मांडल्या. दोन दिवसांत चार पायऱ्या झाल्या. मला तर त्या किल्ल्याच्या पायऱ्यांसारख्या वाटल्या. तिसऱ्या दिवशी न्हाणीचं पाणी वळून त्यांच्याखाली गेलं, चौथ्या दिवशी आत्यानं काठी टेकली आणि काठीसकट वीट, विटेसकट ओंडका, ओंडक्यासकट आत्या. या वेळी हनुवटी फुटली.

तात्या ओसरीवर आले. "बाईच्या हातची पायरी," एवढंच म्हणाले आणि गेले. पुढचं बोलायची त्यांना गरजच वाटली नाही.

आत्या रडली नाही. हनुवटीला फडकं दाबून ती त्या घसरलेल्या विटांपाशीच बसून राहिली. मीच रडत होते. तेवढ्यात बाजूच्या नळावरून आवाज आला, "वरून कोण पायरी बांधतंय का, माय? पायरी खालून चढत येती."

ती कौसाबाई. तात्यांच्या आठ खोल्यांपैकी शेवटच्या खोलीत राहायची. परभणीकडची, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गावाकडे. कंपन्यांच्या बांधकामांवर बिगारी म्हणून जायची. डोक्यावर विटा आणि माल वाहून वाहून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. हंडा खाली ठेवून ती आली, पायानंच आमची माती उकरून बघितली आणि हसली.

"तुम्हाला येतं का बांधायला?" मी विचारलं.

"बावीस वर्सं गवंड्याच्या हाताखाली हाय मी. त्यो थापी कशी धरतो, दोरी कशी लावतो, समदं बघितलंय. थापी हातात तेवढी कोनी दिली नाई. बायानं माल द्यायचा, गवंड्यानं लावायचा, असं म्हणतेत." मग आत्याकडे वळून म्हणाली, "उठा ताई. पाय उचला तुमचा. जेवढा सुखानं उचलतो तेवढाच."

आत्यानं डावा पाय उचलला. कौसाबाईनं खाली बसून जमिनीपासून तळव्यापर्यंत हात लावला. "वीतभराला चार बोटं कमी. एवढीच उंची ठेवायची. लोकांच्या पायऱ्या लोकांच्या पायाला, तुमच्या पायऱ्या तुमच्या पायाला." आणि पायरीची रुंदी अशी की दोन्ही पावलं आणि काठी एकाच वेळी टेकून दम खाता यावा. त्या मापानं हिशोब केला तर सतरा पायऱ्या लागत होत्या आणि त्या सरळ उतारात मावत नव्हत्या. मग वाट तिरकी घ्यायची, उताराच्या मध्यावरच्या शेवग्याच्या झाडाला वळसा घालून, असं ठरलं. मी वहीच्या पानावर त्याचं चित्र काढलं. पुढं मी आयटीआयला नकाशे काढायचं शिकले आणि त्यावर पोट भरलं, पण इतकं महत्त्वाचं चित्र नंतर माझ्या हातून झालं नाही.

कौसाबाई कामावरून सहाला यायची, चहाही न घेता कामाला लागायची. दिवसा आम्ही दोघी तिनं सांगितलेलं करून ठेवायचो. आधी न्हाणीचं पाणी चर खणून लांब वळवलं. मग रस्त्यावरच्या एका गॅरेजमधलं टाकाऊ काळं ऑइल आणून ओंडक्यांना तीन-तीनदा फासलं, वाळवी लागू नये म्हणून. माझे हात महिनाभर काळे होते. भाकरीलाही ऑइलचा वास यायचा. विटांसाठी मी आणि आत्या नदीकडच्या भट्टीवर गेलो. जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वाकड्या झालेल्या विटा भट्टीवाला बाजूला टाकून द्यायचा. आत्यानं त्याला मासवड्यांचा डबा दिला आणि तो ट्रॅक्टरनं दोन खेपा टाकून गेला. कौसाबाई म्हणाली, "ह्या वाकड्या दिसतेत, पर पान्याला भीत नाईत. चांगल्या विटेपरीस ह्याच बऱ्या."

पहिली पायरी अगदी खाली, अळूच्या वाफ्याशेजारी. उतारात खाच खणायची, ओंडका आडवा बसवायचा, त्याच्या तोंडाशी दोन लोखंडी सळया हातभर खोल ठोकायच्या म्हणजे तो पुढं सरकत नाही. मागं दगडगोटे आणि मुरूम भरून धुमसानं चोपायचं. त्यावर वाळूचा थर, वाळूवर विटा उभ्या कडेवर, एकमेकींना चिकटून, आणि सगळ्याला पुढच्या बाजूला करंगळीभर उतार, पाणी साचू नये म्हणून. पहिली पायरी झाली तेव्हा कौसाबाईनं कमरेची थापी काढली. ती तिनं कुठल्याशा साइटवर टाकून दिलेली उचलली होती, मूठ तुटलेली, चिंधी गुंडाळलेली. शेवटची वीट तिनं त्या थापीच्या मुठीनं ठोकून बसवली, आणि मग पुन्हा एकदा ठोकली, गरज नसताना.

ओंडके संपत आले तेव्हा मी आप्पांना भीत भीत सांगितलं. त्या शनिवारी कंपनीतून जळणाचा टेम्पो आला तर त्यात फळ्या एक-दोनच, बाकी सगळे निवडून घेतलेले जाड ओंडके. तात्या वाटेत उभे होते. म्हणाले, "जळणाला एवढं जाड लाकूड?"

"थंडी लई हाय," आप्पा म्हणाले. वैशाख चालू होता.

पंधरा पायऱ्या झाल्या. वरच्या दोन राहिल्या होत्या, पण आत्या आता रोज सकाळी कुणाचाही हात न धरता खाली उतरत होती. त्या दिवशी ती शेवंतीची रोपं फोडून लावत होती, मी पाणी घालत होते. मागच्या दारात तात्या आले, सोबत कागदपत्रं लिहिणारा एक कारकून, हातात फाईल आणि शाईचा पॅड.

"इंदे, वर ये जरा," तात्यांनी हाक मारली.

"हात चिखलात हायत. तुमीच या की खाली."

तात्या क्षणभर थांबले. मग धोतर सावरत उतरायला लागले. कारकून मागोमाग आला आणि अर्ध्यात म्हणाला, "पायऱ्या फार छान झाल्यात हो. गवंडी कोण?"

कागद हक्कसोडीचा होता. बहिणीनं भावांच्या नावे आपला हिस्सा सोडून द्यायचा कागद. त्या वर्षात आमच्या भागात घरोघर असे कागद होत होते. माहेरी बोलावून, साडी नेसवून, पुरणपोळी घालून बहिणींच्या सह्या घ्यायचे. तात्यांनी साडीसुद्धा आणली नव्हती. कारकुनानं पॅड उघडला.

"पॅड मिट," आत्या म्हणाली. "सातवी झालेय मी. वाचू दे आधी."

तिनं हात पदराला पुसले, पायरीवर बसली आणि सगळा कागद मोठ्यानं वाचला. अवघड शब्दांना ती अडखळली, मागं गेली, पुन्हा वाचला. एका ठिकाणी थांबून तिनं बोट ठेवलं. "'मी स्वखुशीनं' असं लिवलंय हितं. खुशी कुनाची, दादा?"

"तसं लिवायची पद्धत असती."

"मग माझी पद्धत ऐक. मी सही करणार न्हाई."

तात्यांचा चेहरा लाल झाला. "माहेर तुटंल, इंदे. ध्यानात ठेव. भाऊ म्हणून दारात उभा ऱ्हाणार न्हाई मी तुझ्या."

आत्या उठली. काठी न घेता उठली, मांडवाचा खांब धरून. "माहेराला पावनी जाती, दादा. मी पावनी न्हाई. मी माझ्या घरात ऱ्हाते. मगाशी तू ज्यावरून उतरलास, त्या पायऱ्या मी बांधल्यात. वर जाताना जपून जा, शेवटच्या दोन अजून मातीच्याच हायेत."

मी पन्नाशी ओलांडली आहे. त्यानंतर बायकांना मोठ्या मोठ्या सभांत बोलताना मी ऐकलं आहे. पण त्या दिवशी अळूच्या पानांवर माझ्या हातातल्या झारीचं पाणी वाहून जात होतं आणि मला ती सरळ धरायचं सुचत नव्हतं, तसं पुन्हा कधी झालं नाही.

तात्या वर गेले आणि थेट शेवटच्या खोलीपाशी गेले. कौसाबाई नुकतीच कामावरून आली होती. रात्रीपर्यंत खोली खाली कर, असं त्यांनी तिला सांगितलं. ती म्हणाली, "खोली तुमची, सोडते. पायऱ्या तुमच्या नाईत. दोन राहिल्यात, त्या केल्याबिगर जानार नाई." तिनं गाठोडं बांधलं आणि आमच्या पडवीत, ओंडक्यांच्या ढिगाशेजारी आणून टाकलं. आईनं ताटात तिची भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मोठा गडगडाट झाला. आम्ही धावत मागच्या दारी गेलो. तात्यांनी ट्रॅक्टरची अख्खी ट्रॉली पायऱ्यांच्या तोंडावर उलटी केली होती. फोडलेले दगड, डोक्याएवढे, काही त्याहून मोठे. वाट पूर्ण बुजली होती, दोन-चार दगड गडगडत शेवग्यापर्यंत गेले होते. तात्या ट्रॅक्टरजवळ हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या दोन्ही सुना दारातून बघत होत्या. आत्या काठीवर दोन्ही हात टेकून त्या ढिगाकडे बघत राहिली.

आप्पा तेव्हाच नाइट शिफ्टहून आले. सायकल उभी करून त्यांनी ढीग बघितला, भावाकडे बघितलं, मान खाली घातली आणि घरात गेले. मला त्यांचा इतका राग आला की आजही तो पूर्ण गेलेला नाही. पण दोन मिनिटांनी ते बाहेर आले. त्यांच्या हातात पहार होती. ती त्यांनी माझ्या आईच्या हातात दिली आणि आत जाऊन झोपले.

आईनं पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला. पहारीनं पहिला मोठा दगड उपटला, दोन्ही हातांनी उचलला, आणि पायऱ्यांच्या कडेला, जिथं माती ढासळत होती तिथं, नीट बसवून ठेवला. कौसाबाईच्या लगेच ध्यानात आलं. ती म्हणाली, "बरोबर हाय माय, कडेला भिंतच पायजे व्हती!" मग आम्ही चौघी लागलो. मी आणि आत्या बसून लहान दगड एकमेकींच्या हाती देत होतो, आई आणि कौसाबाई मोठे लोटत होत्या. हातांना फोड आले, आईची बांगडी फुटून मनगट कापलं, तिनं ते पदराची चिंधी फाडून बांधलं. चहा कुणी केला नाही. जनरल शिफ्टचा भोंगा झाला, कंपन्यांच्या बसेस वाजत गेल्या, पलीकडचं प्रेस सुरू झालं, तरी आमचं चालूच होतं. नऊच्या सुमाराला पायऱ्यांच्या एका बाजूनं गुडघाभर उंचीची, हात टेकता येईल अशी दगडी भिंत खालपासून शेवग्याच्या वळणापर्यंत आली आणि ढीग संपला. दुसरी बाजू उघडीच राहिली.

तात्या अजून तिथंच होते. इतका वेळ ते का थांबले होते, मला माहीत नाही. आई सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. घामानं तिचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. अठरा वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली.

"भावजी," ती म्हणाली, "दगड कमी पडले. आणखी एक ट्रॉली टाका."